मधल्या दोन बाजू

भांडण पुढच्या खोलीत चाललं होतं आणि मी मागच्या खोलीत मटार सोलत बसले होते. मधली भिंत फळ्यांची. त्या भिंतीनं आमच्या घरात कधी कुणाचं काही झाकून ठेवलं नाही.

"निम्मी गाणी गाळायची म्हणजे कोणाची गाळायची, ते एकदा तोंडानं बोल," लंबू म्हणाला.

"कोणाची म्हणजे? गाणी बँडची आहेत. आपली."

"आपली म्हणायचं आणि कात्री माझ्या डोक्यावरून फिरवायची."

"कंपनी म्हणते एकच रेकॉर्ड काढा. डबल अल्बम कोण ऐकतं? दुसऱ्या बाजूला लोक जांभया द्यायला लागतात."

"कंपनीचा मालक बायको बोलत असली तरी जांभया देतो. त्याच्या जांभईवर आपलं ठरवायचं?"

कंपनीची बाजू घेणारा आवाज माझ्या धाकट्या दिराचा. घरात सगळे त्यांना राजे म्हणत, कारण जेवण झालं की ताट जिथल्या तिथं सोडून उठायचे. राजे आणि त्यांचा शाळेपासूनचा दोस्त लंबू, दोघांनी मिळून रॉकचा बँड काढला होता. रॉक म्हणजे गिटार तापवून तिच्यावर ओरडायचं, असं मला तेव्हा वाटायचं. दोन वर्षं खपून त्यांनी दोन रेकॉर्डींचा एक संच केला होता. चार बाजू मिळून एकच गोष्ट: एक माणूस घरात भांडून निघून जातो, भटकतो आणि परत येतो. निघून जाण्याची आणि परत येण्याची गाणी राजेंची. भटकण्याची जवळजवळ सगळी लंबूची.

भिंतीपलीकडे गिटार खाली ठेवल्याचा आवाज आला. मग राजे म्हणाले, "ताईला ऐकवू. ती सांगेल ते करू."

"ती तुझी बहीण आहे."

"तिच्या कानांना नातेवाईक नाहीत. तुला माहितेय."

लंबूला माहीत होतं. तो म्हणाला, "कबूल. पण ती दोन म्हणाली तर दोन. मग कंपनीपुढं शेपूट घालायची नाही."

मी मटार तसेच टाकून आत पाणी भरायला गेले, कारण ताई, म्हणजे माझ्या नणंदबाई, दारात चप्पल काढत होत्या आणि मी ऐकत बसलेली त्यांना दिसायला नको होते.

वन्सं माझ्या नवऱ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. एक मुलगा बघायला आला होता, त्याच्या चहा पिण्याचा आवाज ऐकून त्या आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. रेकॉर्ड छापायच्या कारखान्यात त्या तपासणीच्या खोलीत होत्या. दर पाचशे रेकॉर्डींमागे एक उचलायची, हेडफोन लावायचा आणि अथपासून इतिपर्यंत ऐकायची. कुठं खरखर, कुठं टिकटिक, कुठं सुई घसरते, ते वहीत लिहायचं. त्यांनी मान हलवली तर पाचशेच्या पाचशे भट्टीत परत. कारखान्यात त्यांना कानवाली म्हणत. मी त्याच कारखान्यात चार वर्षं कव्हरं चिकटवली, म्हणून सांगते, साहेबांपेक्षा लोक कानवालीला घाबरत.

घरीही तेच. नळ ठिबकतोय हे त्यांना अंगणातून कळायचं. मी डाळीत पाणी जास्त घातलं तर उकळीच्या आवाजावरून ओळखायच्या. "वहिनी, आज पातळ होणार," असं पाठमोऱ्याच म्हणायच्या. मला राग यायचा, पण डाळ पातळच व्हायची.

गाणं कसं आहे हे मात्र त्या कधी सांगत नसत. विचारलं तर म्हणत, "माझं काम खरखर ऐकायचं. गाणं ज्याचं त्यानं बघावं." त्या दिवशी राजेंनी पहिल्यांदाच त्यांना गाण्याचं विचारलं. त्या कानामागे केस सारत म्हणाल्या, "नमुन्याच्या रेकॉर्डी उद्या माझ्याकडं येणारच आहेत. ऐकते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऐकलं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या खोलीत डबा घेऊन गेले तेव्हा त्या दुसरी रेकॉर्ड पाकिटात सरकवत होत्या. तोंडावरून काही कळलं नाही. संध्याकाळी दोघं मित्र पुढच्या खोलीत परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखे बसले होते.

वन्सं उभ्यानंच म्हणाल्या, "एक पुरे. ज्या रेकॉर्डवर पहिली आणि चौथी बाजू आहे ती ठेवा. ती ऐकताना मी हललेसुद्धा नाही. दुसरी ऐकताना दोनदा घड्याळ बघितलं. गोष्ट संपलीय आणि माणूस अजून रस्त्यावर हिंडतोच आहे, असं वाटतं."

लंबूनं एकच विचारलं, "सगळं नीट ऐकलंत?"

"सुई ठेवल्यापासून उचलेपर्यंत."

तो उठला, गिटार घेतली आणि गेला. दार आपटलं नाही, उलट सावकाश लावून घेतलं. ते मला जास्त लागलं. राजे म्हणाले, "जाऊ दे. मधलं काय ते ऐकणारा आपल्या मनानं भरून घेईल."

रेकॉर्ड निघाली. पण कव्हरं आधीच छापून झाली होती, दोन रेकॉर्डींची, पुस्तकासारखी उघडणारी. तीन हजार कव्हरं कोण फेकून देणार? साहेबांनी आम्हा बायकांना सांगितलं, दुसरा खण चिकटवून टाका. मी या हातांनी ते रिकामे खण खळ लावून बंद केले. पण उघडल्यावर माणसाला कळायचंच की इथं काहीतरी असायला हवं होतं. लोक दुकानात परत येत आणि म्हणत, आमच्यातली दुसरी रेकॉर्ड राहिली. एकानं तर कव्हर ब्लेडनं कापून आणलं, आत बघायला. पेपरात एका शहाण्यानं लिहिलं की यातला माणूस घर सोडून जातो आणि लगेच परत येतो, जणू चप्पल विसरला होता. हे वाक्य गावभर झालं. बँड वर्षभरात मोडला. लंबू बसवर ड्रायव्हर लागला. राजेंनी रेडिओ-प्लेयर दुरुस्तीचं दुकान टाकलं.

पुढं दोन वर्षांनी आमच्या ह्यांनी हौसेनं एक प्लेयर आणला, आपोआप चालणारा. दांडीवर चार-पाच रेकॉर्डी एकावर एक चढवायच्या. एक वाजून झाली की वरची आपणहून खाली पडते. रविवारची सकाळ होती. ह्यांनी ट्रंकेतून राजेंच्या त्या दोन नमुन्याच्या रेकॉर्डी काढल्या आणि दोन्ही चढवल्या. वन्सं खिडकीजवळ इस्त्री करत होत्या. पहिली बाजू झाली. खट्कन दुसरी रेकॉर्ड पडली, ती वाजली. मग ह्यांनी दोन्हींची चळत तशीच उलटी करून परत चढवली. इस्त्रीचा आवाज थांबला. मला कापड जळल्याचा वास आला म्हणून मी धावले, तर राजेंच्या इथं राहून गेलेल्या शर्टावर इस्त्री तशीच टेकलेली आणि वन्सं भिंतीला पाठ लावून खाली बसलेल्या.

चारही बाजू संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या दिवशी मलाही कळलं. तो माणूस घरातून गेला, मग त्याचे पाय दुखले, मग त्याला कुणी ओळखेना, मग तोच स्वतःला ओळखेना, आणि तेव्हा कुठं परत यायचं गाणं लागलं, तशी मी दाराकडं बघायला लागले. मधल्या दोन गाण्यांत काही दम नव्हता, खरं सांगते. पण चालून चालून थकलेल्या माणसाच्या गाण्यात दम कुठून असणार?

ह्यांनी विचारलं, "काय झालं गं ताई?"

"शर्ट जळला," त्या म्हणाल्या.

ते बाहेर गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. "वहिनी, मी उलटं ऐकलं."

"म्हणजे?"

त्यांनी समजावलं ते असं. दोन रेकॉर्डींचा संच असला की या आपोआपच्या प्लेयरसाठी पहिल्या रेकॉर्डच्या पाठीवर चौथी बाजू छापतात आणि दुसरीच्या पाठीवर तिसरी. म्हणजे चळत उलटली की क्रम बरोबर लागतो. हे त्यांना चांगलं माहीत होतं. कारखान्यातच छापत होते. पण तपासणीच्या खोलीत कायदा एकच: एक रेकॉर्ड घ्यायची, एक बाजू ऐकायची, उलटायची, दुसरी ऐकायची, बाजूला ठेवायची. अकरा वर्षं त्यांचा हात तसाच चालत होता. खरखर ऐकायला क्रम कशाला लागतो? त्या दिवशीही हात तसाच चालला. त्यांनी पहिली ऐकली, उलटून चौथी ऐकली, मग दुसरी, मग तिसरी. माणूस गेला, परत आला, आणि परत आल्यावर भटकायला लागला. घड्याळ बघणार नाही तर काय करणार?

"आणि लंबूनं विचारलं होतं, नीट ऐकलंत का," त्या म्हणाल्या. "मी काय तोऱ्यात सांगितलं, आठवतं?"

मी तेव्हा जे बोलले ते आज सांगायला लाज वाटते. मी म्हणाले, "सांगू नका. झालं ते झालं. आता सांगून कुणाचं पोट भरणार?" घरात शांतता हवी म्हणून म्हणाले. त्यांनी माझं ऐकलं. त्या कधी कुणाचं ऐकत नसत, नेमकं माझं तेवढं ऐकलं.

तेव्हापासून दर शनिवारी त्या राजेंच्या दुकानात जायला लागल्या. राजेंनीही लग्न केलं नव्हतं. दुकानामागच्या खोलीत राहायचे. वन्सं सहा शर्ट इस्त्री करून न्यायच्या आणि सहा मळके घेऊन यायच्या. जळलेल्या शर्टाची भरपाई म्हणून सुरू केलं, ते मोडलं नाही. दर वेळी निघताना म्हणायच्या, "आज सांगते." दर वेळी मळके शर्ट घेऊन परत.

सांगणार कसं? राजेंनी दुकानात प्रवचन मांडलं होतं. कुणी प्लेयर दुरुस्तीला आणला आणि त्याच्या हातात दोन रेकॉर्डींचा संच दिसला की सुरू: "डबल अल्बम म्हणजे हावरटपणा. सात बरी गाणी असतात, त्यांच्याबरोबर सात फुकटी जेवायला बसवायची. ज्याला नाही म्हणता येत नाही तो दोन रेकॉर्डी काढतो. मी नाही म्हटलं. स्वतःच्या गाण्यांना नाही म्हटलं."

एक शाळामास्तर नेहमी यायचे, ते एकटेच वाद घालत. "अहो, सगळीच गाणी चांगली असली तर माणूस दमेल. मधे दोन भिकार आली की पुढचं अंगावर येतं. तुमच्या रेकॉर्डला तेवढंच कमी पडलं."

"भिकार गाणी हवी असतील तर घरी पोरांना गायला लावा मास्तर. ही माझी बहीण. हिला विचारा. हिच्या कानांनी मला वाचवलं."

आणि मास्तर वन्संकडं बघायचे, आणि वन्सं शर्टांच्या घड्या सारख्या करायच्या.

एकदा मी त्यांना म्हणाले, "मला चार मुलं आहेत. पहिलं आणि चौथं ठेवून मधली दोन शेजारी देऊन टाकली असती, तर घर आटोपशीर झालं असतं, नाही?" मी हसवायला म्हणाले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "देऊन टाकली असती तर शेजारी तरी वाढली असती."

लंबूला मात्र पुष्कळ वर्षांनी त्यांनी सांगितलं. त्याचीच बस असायची शनिवारी. एकदा शेवटचा थांबा आला, माणसं उतरली, या बसून राहिल्या. मी बरोबर होते. त्यांनी सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. लंबू स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत ऐकत होता. केस पांढरे झाले होते त्याचे.

"मी रोज चार फेऱ्या मारतो ताई," तो म्हणाला. "पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. मधल्या दोन गाळल्या तर संध्याकाळी घरी बसवतील मला."

"मला बोल. काय बोलायचं ते बोल."

"राजेला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला का सांगता? माझं जायचं ते गेलंच आहे म्हणून?"

वन्सं पिशवीतल्या शर्टांच्या घड्या नीट करायला लागल्या. तो म्हणाला, "त्याला सांगा. त्याच्या तोंडून एकदा निघू दे की मधली गाणी लागत होती. मग तो माझ्याकडं आला नाही तरी चालेल." मग त्यानं दार उघडलं. "उतरा आता. मला वळवायचीय."

त्यानंतर तो नऊ वर्षं जगला. राजे त्याच्या घरी गेले ते तो गेल्यावर, आणि तिथंही पाच मिनिटांत परत.

वन्संचा आधी उजवा कान गेला, मग डावा. तीस वर्षं हेडफोन लावून दुसऱ्यांची खरखर ऐकली, आता स्वतःच्या कानात सतत खरखर. नळ रात्रंदिवस ठिबकला तरी कळायचं नाही. मी डाळ कशीही करायला लागले. त्याचं सुख वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

मग मागच्या साली दोन तरुण माणसं दुकानात आली. जुन्या रेकॉर्डी शोधून परत छापायचा त्यांचा धंदा. त्यांनी राजेंना विचारलं, त्या कव्हरात दुसरा खण का आहे? दुसरी रेकॉर्ड कुठं गेली? मिळाली तर दोन्ही छापू. राजेंनी त्यांना पुढच्या आठवड्यात बोलावलं आणि वन्संना अभिमानानं सांगितलं, "सगळ्यांना अजून तेच पडलंय. तू ये, तुझ्याबद्दल सांगतो त्यांना."

त्या शनिवारी वन्संनी शर्टांच्या पिशवीत ती मधल्या बाजूंची नमुन्याची रेकॉर्ड घातली. दुकान बंद व्हायच्या वेळी गेलो. त्यांना ऐकू येत नसल्यानं त्या जरा मोठ्यानं बोलायच्या; त्या दिवशी अख्ख्या गल्लीनं ऐकलं असेल. कायदा, हात, उलटणं, चौथी बाजू. मग म्हणाल्या, "चूक माझी होती. लंबूची गाणी लागत होती. ही घे, त्या माणसांना दे. दोन्ही निघू दे."

राजे एका प्लेयरचा पट्टा बसवत होते. तो बसवून झाल्यावरच त्यांनी वर बघितलं. माझ्याशी बोलले, वन्संशी नाही.

"वहिनी, ताईचं हल्ली असंच चाललंय का?"

"भावजी, ते खरं आहे," मी म्हणाले. "मी तेव्हापासून जाणते."

"तुम्ही चार इयत्ता शिकलेल्या. तुम्हाला कुणी विचारलं?" मग वन्संच्या कानाशी वाकून, हळू नाही, चांगलं ओरडून: "तुला आता ऐकू तरी येतं का? पन्नास वर्षांपूर्वी काय ऐकलं ते आज सांगतेस?"

वन्सं म्हणाल्या, "तेव्हा येत होतं."

"तेव्हा तू बरोबर होतीस. आता वय झालंय." त्यांनी रेकॉर्ड घेतली, वरच्या फळीवर जुन्या मीटरांच्या मागे सरकवली. "ठेवतो मी."

मला राग आला, तसं मला काही कळलंही. या माणसाकडं बँड राहिला नव्हता, दोस्त राहिला नव्हता, नाव कुणी घेत नव्हतं. नाही म्हणू शकलो, एवढंच काय ते त्याच्या पदरात होतं. ते कोण सोडेल?

तरुण माणसं आली तेव्हा राजेंनी सांगितलं, दुसरी रेकॉर्ड केव्हाच फुटली, फुटली तेच बरं झालं. त्यांनी एकच छापली. आत एक कागद होता, त्यात राजेंचं प्रवचन छापलं होतं. वन्संचंही होतं: बहिणीचे तल्लख कान, आता वयोमानानं स्मृती साथ देत नाही. नातीनं मला वाचून दाखवलं. वन्संनी कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ धरून स्वतः वाचला आणि घडी करून परत दिला. म्हणाल्या, "छपाई बरी आहे."

मला वाटलं, आता शनिवार बंद होणार. शुक्रवारी त्या इस्त्री घेऊन बसल्या. मी त्यांच्या कानाशी म्हणाले, "कशाला करता? धोब्याकडं देतील ते."

"धोबी कॉलरला पाणी मारत नाही," त्या म्हणाल्या.

तो त्यांचा शेवटचा शनिवार, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक? पुढच्या मंगळवारी दुपारी त्या झोपेतच गेल्या. त्या शनिवारी मात्र नेहमीसारख्या अकराच्या बसनं निघाल्या, नेहमीच्या खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर. दुकानात एक गिऱ्हाईक उभं होतं, हातात तीच नवी छापलेली रेकॉर्ड.

"ह्याच का त्या कानवाल्या?" त्यानं विचारलं.

"ह्याच," राजे म्हणाले. "आता काही ऐकू येत नाही बिचारीला."

वन्संनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हणतोय?"

"शर्ट ठेवा म्हणतायत," मी सांगितलं.

त्यांनी सहा शर्ट मागच्या खोलीत खाटेवर ठेवले. निळ्याची कॉलर विरली होती, ती उलटवून शिवली होती, ती राजेंना बोटानं दाखवली. राजेंनी मान हलवली. खुंटीवरची मळक्यांची पिशवी वन्संनी काढली, सहा आहेत का बघितलं, पाच निघाले. त्यांनी राजेंच्या अंगातल्या शर्टाकडं बोट केलं. राजे गिऱ्हाइकासमोर ओशाळले, पण आत जाऊन बदलून आले आणि मळका हातात दिला.

घरी आल्यावर त्यांनी दोन बादल्या भरल्या आणि शर्ट भिजत घातले, पांढरे एकीत, रंगीत दुसरीत.